उन्हाने गोठवलेला बर्फ

3 जून 2020. दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलही मुके.

अशा वेळी दवाखान्यात सर्वांत नाजूक असतो तो लशींचा फ्रिज. आत 2 ते 8 अंशच हवेत.

देशात 1985 साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले, तेव्हापासून फ्रिजवरच्या तक्त्यात सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिण्याचा रिवाज. पाड्यावर जाताना नर्सबाईंच्या खांद्याला आइस पॅक घातलेला लशींचा डबा. 2015 मध्ये ‘ई-विन’ ही लशींवर नजर ठेवणारी डिजिटल यंत्रणा आली. सेन्सर तापमान परस्पर कळवू लागला. पण टॉवरच पडला तर? पुन्हा तक्ता आणि पेन!

आणि वीजच गेली तर? थेट सौर फ्रिजची युक्ती निराळी: बॅटरीऐवजी उन्हात बर्फ गोठवायचा, तोच रात्री आणि मळभात गारवा पुरवतो. कोकणातल्या आषाढात त्याची खरी परीक्षा.