तंबाखू उद्योग आणि कामगार संघटना

तंबाखू नियंत्रणाच्या कायद्यांना, विशेषतः कामाच्या ठिकाणची धूम्रपानबंदी आणि वेष्टनांवरील इशारे यांना, विरोध करताना उत्पादक व कामगार संघटना अनेकदा एकत्र आल्या आहेत. वेतनाच्या प्रश्नावर परस्परविरोधी असलेले हे दोन पक्ष रोजगार टिकवण्याच्या प्रश्नावर एका बाजूला येतात. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः विडी उद्योगाशी निगडित आहे.

अमेरिकेतील उदाहरण
१९८४ मध्ये ‘टोबॅको इन्स्टिट्यूट’ या उद्योगसंस्थेने काही कामगार संघटनांसह संयुक्त समिती स्थापन केली. कार्यालयातील दूषित हवेचे खरे कारण अपुरे वायुवीजन आहे, अशी भूमिका तिने मांडली. १९८६ मध्ये ‘एएफएल-सीआयओ’ या कामगार महासंघानेही धूम्रपानाचे नियम कायद्याऐवजी मालक व संघटना यांच्या वाटाघाटींतून ठरावेत, असे जाहीर केले.

भारतातील तरतुदी
मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा त्यानंतर आला. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत कामाच्या ठिकाणांचा स्पष्ट समावेश असून उल्लंघनासाठी २०० रुपयांपर्यंत दंड आहे.

विडी उद्योग
सोलापूर हे विडी उद्योगाचे मोठे केंद्र आहे. येथील कामगारांत तेलुगुभाषक पद्मशाली समाजातील स्त्रिया बहुसंख्य आहेत. कारखान्यातून तेंदूपत्ता व तंबाखू आणून त्या घरी विड्या वळतात आणि हजार विड्यांमागे मजुरी घेतात. किमान वेतन आणि निकृष्ट ठरवून नाकारल्या जाणाऱ्या विड्या हे मालकांशी असलेल्या संघर्षाचे जुने विषय आहेत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही संरक्षण दिले.

वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापण्याच्या नियमास मात्र कारखानदार आणि काही विडी कामगार संघटना या दोघांनीही विरोध केला. खप घटल्यास पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडेल, असे संघटनांचे म्हणणे होते. अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने हे प्रमाण ५० टक्के ठेवण्याची शिफारस केली. तरीही १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला.

मर्यादा
धूम्रपानबंदीचे नियम धुरापुरते आहेत. विडी कामगार स्त्रीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. तेथे तिच्या व मुलांच्या श्वासात जाणारी तंबाखूची धूळ या नियमांच्या कक्षेबाहेर राहते. त्यामुळे पर्यायी रोजगाराची मागणी तंबाखू नियंत्रणाच्या चर्चेत सातत्याने पुढे येते.