नंबर वन कोण? आणि वही कधी मिटायची?

आजचा भाग एका भांडणावर आहे. कट्ट्यावर रोज होतं ते. "का बे, खरी एक नंबर टीम कोणती?" मग एक जण कप मोजतो, दुसरा धावा मोजतो, तिसरा म्हणतो त्या वर्षी आमचे मेन प्लेअर नव्हते, नाहीतर दाखवलं असतं. चहा संपतो, भांडण संपत नाही.

आपण आज हेच भांडण जरा मागे जाऊन बघणार आहोत. दोन प्रश्न धरून चालू. पहिला, नंबर लावायची वही नेमकी कधी मिटायची? दुसरा, आलेले मार्क कोणाच्या खात्यावर मांडायचे? पहिल्या प्रश्नासाठी आधी अमेरिकेत जाऊ, कारण तिथं यावरून फार मोठा घोळ झाला. तिथून पुण्यात येऊ. आणि दुसरा प्रश्न थेट आपल्या सोलापूरच्या कॉलेजांपर्यंत येतो.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नाही. तिथं बॉल हातात धरून पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. कॉलेजच्या टीमचे सामने बघायला तिथं अख्खं गाव लोटतं. अडचण एवढीच की कॉलेजं ढीगभर आणि हंगामात सामने मोजकेच. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. मग पहिला नंबर कोणाचा? १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं एक रस्ता काढला. क्रीडा पत्रकारांची मतं घ्यायची आणि यादी छापायची. म्हणजे चॅम्पियन मैदानावर कमी आणि कागदावर जास्त ठरायला लागला.

हंगाम संपला की नव्या वर्षाच्या आसपास तिथं 'बोल गेम' होतात. हा प्रकार समजायला आपल्याला गावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड डोळ्यासमोर आणला की पुरे. यात्रा कमिटी नावाजलेले पैलवान बोलावते, जोड लावते, इनाम ठेवते. गर्दी खेचेल अशी जोड लावायची हा पहिला विचार. सगळ्यात तगडे दोघं एकमेकांसमोर येतीलच असं नाही. रोझ बोल, कॉटन बोल, ऑरेंज बोल या अशाच वेगवेगळ्या गावच्या यात्रा. स्टेडियमचा आकार वाडग्यासारखा, म्हणून नाव बोल.

आता घोळ ऐका. असोसिएटेड प्रेस आपली शेवटची यादी या सामन्यांच्या आधीच छापायची. बोल गेम म्हणजे नुसती करमणूक, असं मानलं जायचं. १९४७ च्या हंगामात नोत्र दाम पहिलं आणि मिशिगन दुसरं, अशी यादी लागली. नोत्र दामचं धोरणच होतं की बोल गेम खेळायचे नाहीत. मिशिगन मात्र १ जानेवारी १९४८ ला रोझ बोलमध्ये उतरलं आणि सदर्न कॅलिफोर्नियाला ४९-० असं हरवून आलं. याच सदर्न कॅलिफोर्नियाला नोत्र दामनं ३८-७ हरवलं होतं. लोक पेटले. वृत्तसंस्थेनं परत मतं घेतली. मिशिगनला २२६, नोत्र दामला ११९. पण सोबत हेही सांगितलं की डिसेंबरची यादी कायम! म्हणजे मतं घेतली, मोजली, छापली आणि धरली नाहीत. मला विचाराल तर हा निकाल नव्हताच, ही समजूत काढणं होतं.

१९६४ ला तर उलटंच. अलाबामाला आधीच चॅम्पियन जाहीर केलं आणि १ जानेवारी १९६५ ला ऑरेंज बोलमध्ये ते टेक्सासकडून २१-१७ हरले. पदवी मात्र त्यांच्याकडेच राहिली, कारण वही मिटली होती. त्याच दिवशी आर्कान्सा आपला सामना जिंकून एकही पराभव न घेता घरी गेलं.

मग पुढच्या हंगामात ठरलं, आता यादी बोल गेमनंतर. याचा फायदा कोणाला झाला असेल? अलाबामालाच! १ जानेवारी १९६६ च्या सकाळी ते चौथे होते. पहिल्या नंबरचं मिशिगन स्टेट रोझ बोलमध्ये १४-१२ हरलं. दुसऱ्या नंबरचं आर्कान्सा कॉटन बोलमध्ये १४-७ हरलं. रात्री ऑरेंज बोलमध्ये अलाबामानं तिसऱ्या नंबरच्या नेब्रास्काला ३९-२८ हरवलं. एका दिवसात चौथ्याचा पहिला नंबर. गंमत म्हणजे प्रशिक्षकांच्या मतांची दुसरी एक यादी होती, तिची वही बोल गेमच्या आधीच मिटली होती. तिच्यात मिशिगन स्टेटच पहिलं राहिलं. एकच वर्ष, तेच सामने, चॅम्पियन दोन. पत्रकारांची यादी कायमची बोल गेमनंतर गेली ती १९६८ पासून. प्रशिक्षकांची १९७४ पासून, तीही आदल्या वर्षी त्यांचा 'चॅम्पियन' अलाबामा नोत्र दामकडून एका पॉइंटनं, २४-२३ असा हरल्यावर.

तुम्ही म्हणाल, हे मतांचे घोळ. आपल्याकडे क्रिकेटमध्ये मतं कुठं असतात? धावा म्हणजे धावा. थांबा. आता पुण्यात चला.

डिसेंबर १९४८. पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते, मूळ कोल्हापूरचे, वय २९. सुट्टीसाठी खेळ थांबला तेव्हा ते ४४३ वर नाबाद होते आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनचा, १९३० मधला, नाबाद ४५२. म्हणजे बरोबरीला नऊ धावा, पुढे जायला दहा. दोन-तीन षटकांचं काम. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. त्यांनी पुढं खेळायला नकार दिला, सामना सोडून दिला आणि टीम घेऊन निघून गेले. इतका मार खाल्ल्याची नोंद आपल्या नावावर लागणार, ही लाज त्यांना नको होती असं सांगितलं जातं.

इथंही वही मिटली. समोरच्यानं मिटवली. निंबाळकर कधीच कसोटी खेळले नाहीत. पण आजही प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाची सगळ्यात मोठी खेळी त्यांचीच आहे. जगाच्या यादीत त्यांच्या नावापुढे ४४३ लिहिलेलं असतं आणि त्या दहा धावा कुठंच लिहिलेल्या नसतात.

त्याच हंगामात याच्या अगदी उलट टोकाचा सामना झाला, तोही पुण्यातच. मार्च १९४९, उपांत्य फेरी, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. तेव्हा असे सामने निकाल लागेपर्यंत चालायचे. सात दिवस चालला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज २३७६ धावा, एका प्रथम श्रेणी सामन्यात इतक्या धावा आजवर कुठंही झालेल्या नाहीत. चौथ्या डावात ९५९ धावा करायच्या आहेत हे माहीत असताना महाराष्ट्राची पोरं ६०४ पर्यंत गेली. हरली ३५४ धावांनी. पण हरल्यावर कोणी म्हणू शकलं नाही की वही लवकर मिटली. मला हा सामना त्या सगळ्या अमेरिकी मतदानापेक्षा जास्त खरा वाटतो. अर्थात सात दिवस मैदानात उभं राहायची तयारी पाहिजे!

आता दुसरा प्रश्न. मार्क कोणाच्या खात्यावर?

सोलापूरचा पोरगा रणजी खेळला तर तो 'महाराष्ट्र' संघातून खेळतो, 'मुंबई'तून नाही. आपल्या राज्यात रणजीचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. मुंबईचे २०२३-२४ पर्यंत ४२ कप. आपल्या महाराष्ट्र संघाचे दोन, १९३९-४० आणि १९४०-४१, दोन्ही दि. ब. देवधरांच्या कप्तानीत. देवधर पुण्यात एस. पी. कॉलेजला संस्कृत शिकवायचे. कॉलेजचा प्राध्यापक रणजी जिंकून देतो, हे आज कोणाला सांगितलं तर हसतील.

आणि त्या मुंबईच्या खात्यात सोलापूरचं काही नाही का? आहे. पॉली उम्रीगर. २८ मार्च १९२६, जन्म सोलापूर. शाळेच्या वयातच ते मुंबईला गेले, तिथंच कॉलेज केलं, मुंबई विद्यापीठाकडून खेळले. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ केल्या आणि त्यावर कसोटीचं दार उघडलं. पुढं ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं. भारताचं पहिलं कसोटी द्विशतक त्यांचं, २२३, हैदराबाद, १९५५. यादीत सगळीकडे 'मुंबई' लिहिलंय. त्यात चूकही नाही, क्रिकेट तिथंच घडलं. पण जन्मगावाचा रकाना कोणी वाचत नाही एवढं खरं.

विद्यापीठांच्या क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक आहे, १९३५-३६ पासून. पहिला पंजाब विद्यापीठानं नेला, तेव्हा ते लाहोरात होतं. पुढं सगळ्यात जास्त वेळा नाव लागलं ते मुंबई विद्यापीठाचं. पण इथं एक गोष्ट लक्षात घ्या. १९३५ चं मुंबई विद्यापीठ म्हणजे चर्चगेटची इमारत आणि आसपासची कॉलेजं नव्हे. पुणे त्यात, अहमदाबाद त्यात, धारवाड त्यात, फाळणीपर्यंत कराचीसुद्धा त्यात. आणि सोलापूरही. इलाखाभरातून टीम निवडायची मुभा. मग १९४९ च्या सुमारास पुणे, गुजरात, कर्नाटक, बडोदा अशी विद्यापीठं वेगळी निघाली. आधीचे कप आणि नंतरचे कप एका ओळीत मोजताना हे कोण लक्षात घेतं?

आता आपलं घ्या. १९४० साली सुरू झालेलं दयानंद कॉलेज. सुरुवातीला मुंबई विद्यापीठात. १९४९ पासून पुणे विद्यापीठात. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, मग तिकडं. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्यासाठी. आता त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. म्हणजे समजा एका घरातल्या चार पिढ्या याच कॉलेजकडून खेळल्या, आणि चौघांनीही विद्यापीठाच्या संघात जागा मिळवली, तर पणजोबाच्या ब्लेझरवर 'मुंबई', आजोबांच्या ब्लेझरवर 'पुणे', वडिलांच्या 'शिवाजी', आणि पोराच्या जर्सीवर 'सोलापूर'. कॉलेज तेच. मार्क चार वेगळ्या खात्यांवर.

आणि मार्क खरंच मांडले जातात. अमेरिकेसारखी मतं नाहीत, पण भारतात विद्यापीठांची खेळांमधली क्रमवारी लागते. तिचं नाव मौलाना अबुल कलाम आझाद करंडक, लोक 'माका ट्रॉफी' म्हणतात. १९५६-५७ ला सुरू झाली. वर्षभरात वेगवेगळ्या खेळांत विद्यापीठाच्या खेळाडूंनी काय केलं त्याचे गुण, बेरीज, आणि ज्याची जास्त तो पहिला. एका खेळात दादा असून भागत नाही, बरेच खेळ खेळावे लागतात. पहिला करंडक मुंबई विद्यापीठाचा. तोपर्यंत सोलापूर पुण्याकडे गेलं होतं, त्यामुळे त्यातही आपला वाटा शून्य. नंतर हा करंडक पंजाबकडे सरकला तो सरकलाच: अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, चंडीगडचं पंजाब विद्यापीठ, वगैरे. २०२४ चा पुरस्कार चंडीगड युनिव्हर्सिटी या खासगी विद्यापीठाला गेला.

ही पद्धत मतांपेक्षा बरी, असं माझं मत. निदान बेरीज तपासता येते. पण एका जिल्ह्याचं विद्यापीठ या यादीत वर कसं येणार? आपल्याकडे पंढरपूर तालुक्यातलं वाडीकुरोली खो-खोसाठी ओळखलं जातं. तिथल्या पोरी जीव तोडून खेळतात. पण खो-खोचे गुण म्हणजे एका खेळाचे गुण. तलवारबाजी, नेमबाजी, रोइंग यांचे रकाने रिकामे राहिले तर बेरीज तिथंच अडते. रोइंगला पाणी लागतं, नेमबाजीला रेंज लागते, आणि दोन्हीला पैसा. यादीत ते दिसत नाही.

जाता जाता, अमेरिकेनं शेवटी काय केलं ते सांगतो. २०१४ च्या हंगामापासून चार टीमचे बाद सामने, २०२४ पासून बारा टीमचे. चला, मतं संपली, असं वाटलं ना? ते बारा जण कोण, हे कमिटीच ठरवते. त्यामुळे आता भांडण पहिल्या नंबरचं कमी आणि तेराव्या नंबरचं जास्त!

तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत आजोबांचा किंवा आजीचा विद्यापीठाचा ब्लेझर, बिल्ला, टीमचा फोटो असेल तर बघा त्यावर काय लिहिलंय: मुंबई, पुणे की शिवाजी. फोटो काढून आम्हाला पाठवा, साल आणि खेळ लिहायला विसरू नका. पुढच्या भागात भेटू.