वळिवडे ते वॉर्सा

आपल्या मंगळवार पेठेतून सायकलीवर निघाले तर तासाभरात गांधीनगर येते. कापडखरेदीसाठी आपण पालकांबरोबर तेथे गेलाही असाल. याच वळिवडेच्या माळावर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिचा धागा युरोपातील अवजड बाँबफेकी विमानांपर्यंत जातो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

छावणीत बहुतेक स्त्रिया व मुलेच. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडातील राहत्या घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तानात नेले होते. सुटकेनंतर ती इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात आली. कर्ते पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले; त्या सैन्यातील काही तरुणांना ब्रिटनमधील पोलिश हवाई दलात पाठविण्यात आले.

या दलाची ३०० क्रमांकाची तुकडी जुलै १९४० मध्ये उभी राहिली. एप्रिल १९४४ पासून तिच्याकडे चार इंजिनांची, सात माणसांनी चालवायची 'लँकेस्टर' विमाने आली. काम रात्रीचे आणि जिवावरचे. ब्रिटिश बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाण-सैनिकांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले.

खरी कसोटी लागली ती १५८६ क्रमांकाच्या दुसऱ्या पोलिश तुकडीची. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या नागरिकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. ही तुकडी इटलीतील ब्रिंडिसीहून 'लिबरेटर' व 'हॅलिफॅक्स' विमाने घेऊन मदतीस निघे. एका बाजूचे अंतरच तेराशे किलोमीटरच्या घरात! सोव्हिएत फौजा वॉर्साजवळ आल्या होत्या. पण स्टालिनने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या विमानांना आपल्या तळांवर उतरू दिले नाही. त्यामुळे जाऊन-येऊन सारा प्रवास एका दमात करावा लागे. जळत्या शहरावर सुमारे दीडशे मीटरपर्यंत खाली यायचे, वेग कमी करायचा आणि शस्त्रे, दारूगोळा व अन्न भरलेली पिंपे पॅराशूटने सोडायची. ब्रिटिश व दक्षिण आफ्रिकी विमानेही होती. परंतु पोलिश वैमानिकांच्या पायाखाली जळत होती ती त्यांची स्वतःची राजधानी. ६३ दिवसांनी उठाव मोडला.

पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात टाकला. म्हणजे वळिवडेच्या कुटुंबांची गावेच गेली! तरीही ३०० तुकडीची 'लँकेस्टर' विमाने उडतच राहिली. २५ एप्रिलला ती हिटलरच्या बेर्ख्टेसगाडेनवरील हल्ल्यात होती. ज्यांनी आपले घर देऊन टाकले त्यांच्याच बाजूने लढत राहणे, हे मला शत्रूच्या तोफांपेक्षाही अवघड वाटते.

वळिवडेत पोलिश भाषेच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. युद्ध संपल्यावर कोणी पोलंडला परतले, पण पुष्कळांनी ब्रिटन व इतर देश गाठले. रिकाम्या छावणीत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगर वसले. पोलिश छावणीचा स्मृतिस्तंभ शहरात, महावीर उद्यानात आहे.