नावातली रिकामी जागा

गेल्या वर्षी घरचे जुने फोटो नव्या डिस्कवर उतरवायला मी चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. आयुष्यभर मुलांना हेच शिकवले, म्हणून पडद्यावरच्या चुकांच्या ओळी न वाचताच जुनी डिस्क पुसली. 'आई बाबा नाशिक' अशा नावांचे फोटो नव्या डिस्कवर आलेच नव्हते. चूक माझीच, पण तिचे मूळ पन्नास वर्षांपूर्वीचे आहे.

आपण टाइप केलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून करवून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. युनिक्सचे पहिले शेल बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी लिहिले; ते १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत होते. शब्द कुठे संपला हे त्याला रिकाम्या जागेवरून कळे. तारका टाकली की 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्रॅम जुळणाऱ्या फायलींची यादी करून देई. त्या यादीतली एकेक फाईल घेऊन काम करणारा 'फॉर' लूप मात्र त्यात नव्हता.

तो आला १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, स्टीव्हन बोर्न यांच्या शेलमध्ये. बोर्न यांनी पूर्वी अल्गोल ६८ भाषेवर काम केले होते. त्या भाषेत 'डू'ने सुरू झालेला लूप उलट्या अक्षरांच्या 'ओडी'ने संपतो. पण 'ओडी' नावाचा प्रोग्रॅम युनिक्समध्ये आधीच होता, म्हणून आपल्या वाट्याला 'डन' आले!

त्या काळी फाईलचे नाव जास्तीत जास्त १४ अक्षरांचे. नावात रिकामी जागा चालत असे, पण सहसा कोणी ठेवत नसे. तारकेने आलेले नाव लूपमध्ये अखंडच येते. पण पुढे ते अवतरणचिन्हांशिवाय वापरले की शेल त्याचे तुकडे करते. माझ्या स्क्रिप्टने 'आई', 'बाबा' आणि 'नाशिक' अशा तीन फायली शोधल्या. एकही सापडली नाही.

उपाय जुनाच आहे: लूपमधल्या नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे. 'फाइंड'ची यादी 'एक्सआर्ग्ज'ला द्यायची तर दोन नावांमध्ये शून्य-अक्षर ठेवावे, कारण ते कुठल्याच नावात येऊ शकत नाही. ही सोय अनेक वर्षे वापरात होती. पॉझिक्स प्रमाणात ती २०२४ मध्ये आली.

तरुण मित्रांनो, घरचे फोटो हलवाल तेव्हा अवतरणचिन्हे द्या. आणि दोन्हीकडच्या फायली मोजल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.