ग्राफाइट, पोटॅशियम आणि विद्युत् विच्छेद्याचा प्रश्न

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाइतदार ज्यास पालाश म्हणून ओळखतो, त्यातील मूलद्रव्य पोटॅशियम होय. द्राक्षमद्याच्या टाक्यांत साका म्हणून बसणारा क्षारही त्याचाच. हे परिचित मूलद्रव्य पुनर्भारणीय विद्युत् घटात आणण्याचा विचार मात्र फार उशिरा झाला.

वास्तविक पोटॅशियम ग्राफाइटच्या थरांत शिरते, हे जर्मनीत फ्रेडनहागेन व काडेनबाख यांनी १९२६ मध्येच दाखविले होते. आठ कार्बन अणूंमागे एक पोटॅशियम अणू असे ते संयुग. तथापि बाष्पात घडणारी क्रिया द्रवात घडेलच असे नाही. लिथियमच्या बाबतीत तसा अनुभव आला होता. डे व सलिव्हन यांना १९७० मध्ये असे आढळले की, प्रॉपिलीन कार्बोनेट हा विद्रावक ग्राफाइटवर विघटित होतो. पुढे १९९० मध्ये डान व त्यांच्या सहकाऱ्यांनी एथिलीन कार्बोनेट वापरले, तेव्हा पृष्ठावर संरक्षक पटल तयार होऊन तेच ग्राफाइट उपयोगी ठरले. दोष ग्राफाइटचा नव्हता.

पोटॅशियमचा द्रवातील प्रवेश २०१५ मध्ये अमेरिकेत जी यांनी आणि जपानात कोमाबा यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह सिद्ध केला. जी यांच्या प्रयोगात धारकता दर ग्रॅमला २७३ मिलिअँपिअर-तास, म्हणजे सैद्धांतिक २७९ च्या अगदी निकट होती. पण ती वेगाने घटत गेली. पोटॅशियम शिरताना ग्राफाइट सुमारे ६० टक्के फुगते. त्यामुळे पटल भंगते आणि विच्छेद्य पुनःपुन्हा खर्ची पडते. २०१६ मध्ये झाओ प्रभृतींनी एथिलीन व प्रॉपिलीन कार्बोनेटांचे मिश्रण घेतले आणि टिकाऊपणा वाढला. लिथियमच्या प्रकरणी बदनाम झालेला विद्रावक येथे साहाय्यक ठरावा, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

ईथर वर्गातील विद्रावकांची कथा याहून उद्‌बोधक आहे. विरल विद्रावात आयन एकटा न शिरता विद्रावकाचे रेणू बरोबर घेऊन शिरतो. क्रिया शीघ्र होते, पण धारकता बरीच कमी पडते. लवणाचे प्रमाण खूप वाढविले की मोकळे रेणू उरतच नाहीत आणि आयन एकटा आत जातो. कोमाबा यांच्या गटाने २०१८ मध्ये डायमेथॉक्सिएथेनमध्ये अशा संहत विद्रावाचा उपयोग केला. चीनमधील हूनान विद्यापीठात २०१९ मध्ये दुसऱ्या एका संहत विद्रावात ग्राफाइट २००० हून अधिक आवर्तने टिकले. अर्थात एवढे लवण घालावयाचे तर खर्च व श्यानता दोन्ही वाढतात, आणि पोटॅशियमच्या स्वस्ताईचा युक्तिवाद तेवढा दुबळा होतो.

या मापनांसंबंधी एक सावधगिरी आवश्यक आहे. बहुतेक चाचण्यांत दुसरे अग्र पोटॅशियम धातूचे असते. तो धातू विच्छेद्याशी स्वतःच प्रक्रिया करतो आणि तिची उत्पादिते ग्राफाइटपर्यंत पोहोचतात. म्हणून अशा घटातील ऱ्हास सर्वस्वी ग्राफाइटच्या खाती मांडता येत नाही.