गाडी कोण धुतं?



नवरात्र जवळ आलं की आपल्याकडे घरोघरी 'दसरा काढायला' सुरुवात होते. वाकळा, गोधड्या, चादरी नदीवर जातात. माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींची जळमटं निघतात. आणि आता या कामात दारातली गाडीही आली. खंडेनवमीला विळा, कोयता, कुदळीच्या ओळीत तिलाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळतो. हार घालताना घरातले सगळे पुढे असतात. त्याआधी तिला धुतलं कोणी, हे मात्र कुणी विचारत नाही. आज आम्ही तेच विचारणार आहोत, कारण धुताना गाडीच्या अंगावरून जो हात फिरतो, त्या हाताला गाडीचं दुखणं आधी कळतं. कुंभार्ली घाट रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांसाठी ही लहान गोष्ट नाही.

सुरुवात बैलगाडीपासून करू. कोयनेच्या वरच्या वाड्यांना गाडीवाट कुठली? तिथे डोक्यावरचं ओझं आणि पायवाट. पण पाटणपासून खाली कराडकडे, पुढे सांगलीकडे गेलं की घराची ऐपत गाडी-बैलांवरून ओळखायची. ती गाडी पाण्याला घाबरत नव्हती, उलट तिला पाणी लागायचं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, चाकावरची लोखंडी धाव सैल पडते, आरे खुळखुळायला लागतात. म्हणून गाडी ओढ्यात, नदीत उतरवायची, चाकं भिजू द्यायची. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. आपल्याला वाटतं ते धुणं, पण ती खरं तर दुरुस्ती होती.

पाण्याला मज्जाव होता तो फक्त आखाला. तिथे तेल हवं. एरंडेल तेलात भिजवलेली चिंधी आखावर फिरायची, आणि वंगणाचं नळकांडं गाडीलाच टांगलेलं असायचं. वंगण संपलं की चाक करकरायचं, अर्ध्या गावाला ऐकू जायचं. आषाढात बेंदूर आला की बैलांबरोबर गाडीचंही अंग निघायचं. चिखल खरवडायचा, जू पुसायचं, साट्यात अडकलेलं भुसकट झाडायचं. बैल धुवायचे पुरुषांनी, हे ठरलेलं. पण शेणाने माखलेलं साटं, धान्य भरायच्या आधी झाडलोट, गोणपाट धुऊन वाळवणं, एरंडीच्या बिया भाजून, कुटून, उकळून तेल काढणं, या सगळ्याला कुणी 'गाडीचं काम' म्हटलं नाही. ते 'घरचं काम' होतं.

मग सायकल आली. १८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकली विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं दुकान काढलं. तिथून पुढे १९१० मध्ये आपल्या शेजारच्या सांगली भागात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. (याच घराने १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू केलं, हे आपल्या मासिकाच्या वाचकांना जाता जाता सांगावंसं वाटतं.) सायकलीने एक गोष्ट उलटी केली. लाकडी चाकाला पाणी मित्र होतं, सायकलीच्या छर्‍यांना ते शत्रू. आत पाणी शिरलं की वंगण धुऊन जातं आणि गंज चढतो. म्हणून सायकल धुवायची नाही, पुसायची. चेन रॉकेलने साफ करायची आणि मग थेंब थेंब तेल सोडायचं.

आता हे रॉकेल कुठून यायचं? रेशनचं, मोजून मिळालेलं, ज्यावर स्टोव्ह आणि कंदील चालायचा तेच. त्यातलं वाटीभर चेनला गेलं की संध्याकाळच्या चहाचा प्रश्न. आणि पुसायला कापड? नऊवारी लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ फाटली की पायपुसणं, आणि अगदी शेवटी सायकलीचं फडकं. सुती कापड पाणी आणि तेल दोन्ही पितं. घरात टेरिकॉट आणि पॉलिस्टर आल्यावर चांगलं फडकं मिळेनासं झालं, कारण ते कापड नुसतं पाणी इकडून तिकडे ढकलतं. आजही गाडी पुसायला जुनी सुती साडी किंवा बनियन शोधावा लागतो तो यामुळेच.

आपल्या खोऱ्यात मोठ्या गाड्यांचा धुरळा उडाला तो धरणामुळे. १९५०च्या दशकात कोयनेचं काम सुरू झालं, १९६४ च्या सुमारास धरण उभं राहिलं. दगड, वाळू, सिमेंट वाहणारे ट्रक, साहेबांच्या जिपा. ज्या वाटेवर बैलही जपून जायचा तिथे इंजिन घुमायला लागलं. या गाड्यांबरोबर एक नवा माणूस आला, क्लीनर. आपल्याकडे बोलताना 'किन्नर' म्हणतात तोच. गाडी साफ करणं हे ज्याच्या हुद्द्याचं नाव आहे, असा हा पहिला माणूस. पण त्याचं काम नुसतं पुसण्याचं नव्हतं. टायर ठोकून आवाज ऐकायचा, नट हलतोय का बघायचं, रेडिएटरचं पाणी तपासायचं, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड लावायचा. क्लीनरच पुढे ड्रायव्हर व्हायचा, कारण पुसता पुसता त्याला गाडी आतून-बाहेरून पाठ व्हायची. आम्हाला इथे एक बोचतं. तेच काम पगारावर झालं तेव्हा ते शिक्षण ठरलं, अंगणात झालं तेव्हा नुसतं धुणं राहिलं.

घरच्या गाडीचं युग आलं सत्तरच्या दशकात. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली, त्याच सुमारास कायनेटिकची लूना. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत. इतक्या वाट पाहून आलेल्या वस्तूचे लाडही तसेच. रविवारी सकाळी स्कूटर अंगणात उभी, शेजारी दोन बादल्या. प्लगवर काजळी धरली की तो काढून पॉलिश पेपरने घासायचा. पावसाळ्यात स्कूटर रुसली की आधी प्लगच बघायचा. यात बादली भरणारी, फडकं पिळणारी, शेवटी अंगणातला तेलकट चिखल काढणारी घरातली बाई असायची. गाडी मात्र 'ह्यांची'.

लूनाने आणि पुढे स्कूटीने, २००१ नंतर ॲक्टिव्हाने हे बदललं. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचतगटाच्या हिशेबाला पाटणला जाणाऱ्या बायका स्वतःच्या गाडीवर बसल्या. गाडी आपली झाली. धुणं तर आधीपासून आपलंच होतं, पण त्यातलं बघणं, तपासणं बहुतेकींना कुणी शिकवलं नाही. तेव्हा तेवढा भाग आता जरा सावकाश बोलू.

कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने गाडी अशीही भिजतच असते. मग धुवायची कशाला, असं म्हणणारे घरात असतात. धुवायची ती तांबड्या चिखलासाठी. हा चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला थापून बसतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग चकचकीत, आतून जाळी. म्हणून हात आधी मडगार्डखाली घाला. चिखल कोरडा असताना घासू नका, त्यातल्या वाळूने रंगावर ओरखडे उठतात. पाणी मारून भिजू द्या, मग वरून खाली धुवा, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. भांड्यांची पावडर नको, ती रंगाची तकाकी काढते. डोक्याला लावतो तो शांपू चमचाभर पुरे. इंजिन गरम असताना पाणी मारायचं नाही. किल्लीच्या भोकावर, बटणांवर, सायलेन्सरच्या तोंडावर धार धरायची नाही.

चाक पुसताना टायरमध्ये रुतलेला खिळा दिसतो, नक्षी झिजलेली दिसते. ब्रेकच्या वायरचा एखादा पदर तुटून बाहेर आला असेल तर तो बोटाला टोचतो. एवढं टोचलं की त्याच दिवशी वायर बदला. धुऊन झाल्यावर लगेच घाटाला निघू नका. ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर ब्रेक लागत नाही. सपाटीला हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबून तो सुकवायचा, लागतो आहे याची खात्री करायची, मग उतार.

चारचाकी असेल तर आतली सफाई जास्त महत्त्वाची. श्रावणात आपल्याकडे सीटवर, पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरते. पायाखालच्या चटया काढून वाळवा, त्यांच्याखाली वर्तमानपत्र घाला आणि ते बदलत राहा. ऊन पडलं की चारही दारं उघडून ठेवा. आणि ड्रायव्हरच्या पायाशी काही म्हणजे काही ठेवू नका. घरंगळत आलेली पाण्याची बाटली किंवा सरकलेली चटई ब्रेकखाली अडकली, तर वळणावर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पाण्याचंही बोलायला हवं. धरण उशाला आहे म्हणून पाइप सोडून ठेवायचा, हे आम्हाला पटत नाही. आपल्या नळाखाली पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. दीड मिनिट लागत असेल तर दहा मिनिटांच्या पाइपला शंभर लिटर गेलं. दुचाकीला दोन बादल्या पुरतात.

नदीत गाडी उतरवून धुणारे अजून दिसतात. बैलगाडीची ती सवय. पण बैलगाडीच्या आखाला एरंडेल होतं, आजच्या गाडीखाली डिझेल, ग्रीस आणि जळकं ऑइल आहे. ते कोयनेतून कराडला कृष्णेत जातं, पुढे सांगलीला. तिथली गावं तेच पाणी पितात.

त्याच नदीने २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत काय केलं ते आपण पाहिलं. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. २०२१ च्या जुलैत घाटाखाली चिपळूण बुडालं, आणि त्याच दिवसांत आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी माणसं नेली. माणसांपुढे गाड्यांचं दुःख ते काय. पण पूर ओसरल्यावर ज्यांची रोजीरोटी गाडीवर होती, त्यांना चिखलातून पहिली बाहेर काढावी लागली ती गाडीच. तेव्हा चालू होते का बघू म्हणून बटण दाबलं आणि इंजिनच गेलं, असं पुरानंतर घडतं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेली गाडी सुरू करायची नाही, नुसती किल्लीही फिरवायची नाही. बॅटरीची वायर काढायची, गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुवायचा, कारण वाळला की तो सिमेंटसारखा बसतो. सीट, चटया बाहेर काढायच्या. ऑइलची कांडी काढून बघायची. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. मग गाडी ढकलत किंवा टेम्पोवर टाकून मेकॅनिककडे न्यायची आणि त्याला कांडीचा रंग आधी सांगायचा.