दहा पौंडांचं तिकीट आणि पासष्ट गुण

गेल्या दिवाळीत ताईचा सिडनीहून व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ती, दाजी आणि माझी पाच वर्षांची भाची जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर बसून फराळ करत होते. घरात फर्निचर म्हणून एक घडीची खुर्ची, आणि तिच्यावरही राउटर ठेवलेला. दीड महिना एका खोलीत काढल्यावर त्यांना पॅरामॅटाजवळ फ्लॅट मिळाला होता. "इथं एक घर बघायला वीस-वीस जण रांगेत असतात रे," ताई सांगत होती. "आणि एजंट विचारतो, याआधी इथं कुठं भाड्यानं राहिलात? अरे बाबा, आत्ताच तर आलोय!" आई मिरजेहून हे सगळं बघत होती. तिनं एवढंच विचारलं, "गॅस तरी आहे ना गं?"

ताईच्या मागोमाग मीही अर्ज टाकला आहे. आमच्या ऑफिसमध्ये माझ्या वयाच्या निम्म्या लोकांनी कुठल्या ना कुठल्या देशाचा अर्ज टाकलेला असतो, त्यामुळे त्यात काही विशेष नाही. पण त्या कॉलनंतर मला एक वेगळाच नाद लागला. ऑस्ट्रेलियात नव्यानं गेलेली कुटुंबं पूर्वी कशी राहिली, हे मी वाचायला लागलो. वाचता वाचता एक कुटुंब सापडलं, आणि कळलं की त्यातल्या दोघांना मी सहावी-सातवीपासून ओळखतो. 'आयर्न मॅन' सुरू होतो तेव्हा वाळवंटातून जाणाऱ्या लष्करी गाड्यांवर जे गिटार वाजतं, ते त्यांचं. 'बॅक इन ब्लॅक' हे गाणं आणि एसी/डीसी हा बँड. माल्कम आणि अँगस यंग हे दोघे भाऊ म्हणजे दहा पौंडांच्या तिकिटावर ऑस्ट्रेलियात उतरलेली पोरं.

ग्लासगोतून पंधरा जण

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास होती. एवढा मोठा खंड आणि एवढी थोडी माणसं. त्यात युद्धात जपानची विमानं डार्विनवर बॉम्ब टाकून गेलेली. देशाचे पहिले स्थलांतर मंत्री आर्थर कॉलवेल यांच्या काळात 'लोकसंख्या वाढवा, नाहीतर नष्ट व्हा' अशा अर्थाची घोषणा सरकारी धोरण बनली. माणसं आणायची होती, पण कुणीही चालणार नव्हतं. पहिली पसंती ब्रिटिशांना होती. त्यांच्यासाठी योजना निघाली: मोठ्या माणसाला प्रवासाचे फक्त दहा पौंड, मुलं फुकट, उरलेला खर्च सरकारचा. अट इतकीच की किमान दोन वर्षं राहायचं. त्याआधी परतायचं असेल तर प्रवासाचे पूर्ण पैसे भरा. १९४५ ते १९७२ या काळात दहा लाखांहून जास्त ब्रिटिश या वाटेनं गेले. ऑस्ट्रेलियात त्यांना 'टेन पाउंड पॉम्स' म्हणतात.

विल्यम आणि मार्गारेट यंग ग्लासगोच्या पूर्वेकडच्या क्रॅनहिल या वस्तीत राहायचे. आठ मुलं. १९६२-६३ चा हिवाळा ब्रिटनमधल्या शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक होता. त्याच सुमारास टीव्हीवर ऑस्ट्रेलियाला चला अशा जाहिराती येत होत्या. जूनच्या अखेरीस घरातले पंधरा जण, म्हणजे आईवडील, मुलं, सुना-जावई, नातवंडं, विमानानं निघाले. एक भाऊ, अलेक्स, संगीतासाठी मागे राहिला. जॉर्ज सोळा वर्षांचा होता, माल्कम दहाचा, अँगस आठचा.

गंमत अशी की थंडीला कंटाळून निघालेले हे लोक उतरले तेव्हा सिडनीतही हिवाळाच होता. दक्षिण गोलार्धातला जून.

पत्र्याच्या खोल्या

नव्यानं आलेल्यांना सरकार आधी हॉस्टेलमध्ये ठेवायचं. यंग कुटुंबाच्या वाट्याला सिडनीच्या पश्चिमेचं व्हिलावूड हॉस्टेल आलं. तिथं 'निसेन हट' असायच्या. एखादा पिंप उभा चिरून त्याचा अर्धा भाग जमिनीवर पालथा घातला तर जसा दिसेल, तसं पन्हळी पत्र्याचं घर. मूळ रचना लष्करासाठी केलेली. उन्हाळ्यात आत भट्टी आणि पावसात बोलणं ऐकू येत नाही इतका आवाज. मधे पातळ भिंती घालून एकेका कुटुंबाला खोल्या दिलेल्या. जेवण सामायिक मेसमध्ये, न्हाणीघरं आणि संडास सामायिक. देशभरातल्या अशा हॉस्टेलांमधल्या लोकांच्या आठवणींत एक तक्रार हमखास येते: मटण. रोज मेंढीचं मटण, तेही उकडलेलं.

हे वाचताना मला आमचं इंजिनिअरिंग कॉलेजचं हॉस्टेल आठवलं. पण आम्ही तिथं चार वर्षांनी सुटणार होतो, आणि मागे घर होतं. या लोकांनी मागचं घर मोडून टाकलं होतं. अनेक बायकांना हे फार जड गेलं. नवरा नोकरीच्या निमित्तानं बाहेर पडायचा, मुलं शाळेत जायची, आणि ती दिवसभर पत्र्याखाली, आईपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर. टेन पाउंड पॉम्सपैकी साधारण एक चतुर्थांश लोक परत गेले. त्यातले बरेच पुन्हा ऑस्ट्रेलियात आले, त्यांना 'बूमरँग पॉम्स' असं नाव पडलं. तिकडे गेलं की इकडची आठवण, इकडे आलं की तिकडची. हा रोग जुना आहे.

पण व्हिलावूडमध्ये आणखी एक गोष्ट घडली. जॉर्जला तिथं हॅरी वांडा भेटला, नेदरलँड्समधून आलेला, गिटार वाजवणारा. डचांनाही, इटालियनांनाही, पूर्व युरोपातून विस्थापित झालेल्यांनाही तेव्हा आत घेत होते, कारण नुसत्या ब्रिटिशांनी आकडा पुरा होत नव्हता. जॉर्ज आणि हॅरीनं आणखी तिघांना घेऊन १९६४ मध्ये 'द ईझीबीट्स' हा बँड काढला. पाचही जण बाहेरून आलेले: एक स्कॉटिश, दोन डच, दोन इंग्लिश. १९६६ मधलं त्यांचं 'फ्रायडे ऑन माय माइंड' ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि ब्रिटनमध्येही पहिल्या दहांत आलं. सोमवारपासून शुक्रवारची वाट बघणाऱ्या कामगाराचं गाणं. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागू नये.

ज्यांना तिकीटच नव्हतं

इथवर वाचून मला यंग कुटुंबाबद्दल जिव्हाळा वाटायला लागला होता. मग एक साधा प्रश्न पडला. १९६३ मध्ये माझे आजोबा दहा पौंड घेऊन गेले असते तर?

त्यांना दारातच अडवलं असतं. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि नव्या संसदेनं सुरुवातीलाच केलेल्या कायद्यांत स्थलांतर निर्बंध कायदा होता. त्यात 'गोरे सोडून कुणी नको' असं लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच की अधिकाऱ्यानं सांगितल्यास येणाऱ्यानं पन्नास शब्दांचं श्रुतलेखन लिहून दाखवायचं, अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेत. इंग्रजी उत्तम येत असेल तर फ्रेंच, फ्रेंच येत असेल तर आणखी काही. पुढे 'युरोपीय' हा शब्दही काढून टाकला. परीक्षा नापास करण्यासाठीच होती.

१९३४ मध्ये एगॉन किश या झेक पत्रकाराला रोखायचं होतं. तो फॅसिझमविरुद्ध बोलायला आला होता. त्याला उतरू देईनात, म्हणून त्यानं मेलबर्नला बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्याला अनेक भाषा येत होत्या, म्हणून परीक्षा घेतली ती स्कॉटिश गेलिकमध्ये. तो नापास झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं ठरवलं की कायद्याच्या अर्थानं स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषाच नाही! स्कॉटलंडमधल्या अनेकांना याचा राग आला. आणि २९ वर्षांनी स्कॉटलंडच्याच पंधरा जणांना सरकारी खर्चानं विमानात बसवलं गेलं.

श्रुतलेखन परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली, पण दार लगेच उघडलं नाही. आपल्याकडची एक गोष्ट याच धोरणातली आहे. १९४७ मध्ये 'मनूरा' हे ऑस्ट्रेलियन नौदलाचं जहाज मुंबईहून माणसं घेऊन निघालं आणि ऑगस्टमध्ये फ्रीमँटलला पोचलं. त्यात शेकडो अँग्लो-इंडियन होते. भारत स्वतंत्र होत होता आणि त्यांना इथं आपलं काय होईल अशी धास्ती होती. उतरलेल्यांचे रंग बघून तिथले अधिकारी चपापले. त्यानंतर मिश्र वंशाच्या अर्जदारांसाठी नियम कडक झाले. पंचाहत्तर टक्के युरोपीय वंश असल्याचं दाखवा, आणि दिसायलाही युरोपीय असा. एकाच घरातल्या गोऱ्या भावाला प्रवेश आणि सावळ्या बहिणीला नकार, असं या नियमात होऊ शकत होतं.

१९६६ मध्ये हॅरॉल्ड होल्ट यांच्या सरकारनं शिकलेल्या बिगर-युरोपीयांसाठी दार किलकिलं केलं. वंशावर आधारलेले उरलेसुरले नियम गॉफ व्हिटलम यांच्या सरकारनं १९७३ मध्ये काढले. ज्यांची ती मूळ भूमी, त्या आदिवासींना तर देशाच्या लोकसंख्येत मोजायला १९६७ चं सार्वमत लागलं. नव्यानं आलेल्यांना घरं देणाऱ्या सरकारला आधीपासून राहणाऱ्यांची मोजदादही करायची नव्हती.

बरवूडचं घर

यंग कुटुंब हॉस्टेलमधून बरवूड या उपनगरात, बर्ली स्ट्रीटवरच्या घरात राहायला गेलं. शेजारच्या घराशी एक भिंत सामायिक असलेलं साधं घर. माल्कमनं पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि ब्रा बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला लागला. अँगस शाळेतून आला की गणवेश न बदलताच गिटार घेऊन बसायचा. १९७३ मध्ये दोघांनी बँड काढला, तेव्हा बहीण मार्गारेटनं शिलाई मशीनवर लिहिलेली 'एसी/डीसी' ही अक्षरं सुचवली असं सांगतात. स्टेजवर शाळेचा गणवेश घालायची कल्पनाही तिचीच. त्यांचे सुरुवातीचे अल्बम जॉर्ज आणि हॅरी वांडा यांनीच बसवून दिले. पुढे आलेला गायक बॉन स्कॉट हाही लहानपणी स्कॉटलंडहून आलेला.

मला यातलं यश एवढं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं वाटतं ते घर भरलेलं असणं. मोठ्या भावानं धाकट्यांना शिकवलं, बहिणीनं मशीनवरून नाव काढलं, आईनं त्या आवाजात सगळ्यांना जेवू घातलं. ते पंधरा जण एकत्र आले होते म्हणून हे झालं. आज मेलबर्नमध्ये एका गल्लीला एसी/डीसीचं नाव आहे. बरवूडमध्ये आता चिनी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. आणि यंग कुटुंबाचं घर २०२४ च्या अखेरीस बिल्डरनं पाडलं.

व्हिलावूडचं काय झालं, म्हणून मी मॅपवर नाव टाकलं. ताईच्या फ्लॅटपासून गाडीनं वीसेक मिनिटं. हॉस्टेलच्या जागी आता स्थलांतरितांना कोंडून ठेवण्याचं केंद्र आहे, १९७६ पासून. १९९२ मध्ये कायदा झाला की व्हिसाशिवाय आलेल्यांना डांबून ठेवणं सक्तीचं. म्हणजे ज्या जागेत जॉर्जला हॅरी भेटला, तिथंच पुढे इतर देशांमधून जीव वाचवून आलेले लोक कुंपणाआड निकालाची वाट बघत बसले.

पासष्ट गुण

आता वंश विचारत नाहीत. आता गुण विचारतात. माझ्या प्रकारच्या व्हिसाला किमान पासष्ट लागतात. वय २५ ते ३२ असेल तर तीस, इंग्रजी फार चांगलं असेल तर वीस, मग पदवी, मग अनुभव. पंचेचाळिशीनंतर अर्जच करता येत नाही. २०२१ च्या जनगणनेत, परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल भारताचा नंबर होता. हे त्या गुणांमुळेही झालं आहे. १९०१ च्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा कितीतरी बरी, हे मी मान्य करतो. निदान अभ्यासक्रम आधी कळतो.

पण एका रात्री मी उगीच विल्यम यंगचे गुण मोजून बघितले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पदवी नाही, मोठं खटलं. तो आज दारातही उभा राहू शकला नसता. १९६३ मध्ये माझे आजोबा नापास आणि आज विल्यम नापास. दोन्ही वेळा परीक्षा घेणाऱ्याची खात्री होती की आपल्याला कसला माणूस हवा ते आपल्याला कळतं. विल्यमच्या आठ वर्षांच्या पोराकडे बघून पुढचं कुणाला दिसलं असतं?

आणि मला गुण मिळाले तरी ते माझ्यापुरते. अर्जात बायको-मुलं घालता येतात, आईवडील नाही. त्यांच्यासाठी वेगळा व्हिसा आहे आणि त्याची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे, असं तिथलं सरकारच सांगतं. माणशी पंचवीसेक लाख रुपये भरले तर दुसरी रांग आहे, तीही दहा वर्षांहून लांब. ताईनं हे आईला फोनवर सांगितलं, तेव्हा आईनं मनातल्या मनात हिशोब केला. ती ५८ वर्षांची आहे.

"म्हणजे मी नव्वदीला येऊ होय गं?" ती हसत म्हणाली. आम्हीही हसलो. मग ताईनं विषय बदलला. सोफा आला होता, दुसऱ्या कुणीतरी सोडून दिलेला, पण चांगला. भाची त्याच्यावर उड्या मारत होती. आई म्हणाली, "फोन जरा इकडं फिरव, मला नीट बघू दे."

माझ्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पूर्वी मी रोज सकाळी उठल्या उठल्या पोर्टल उघडून बघायचो. आता कधीकधी राहून जातं.